चढाचा गिअर, उताराचा गिअर

महाडहून रायगडाकडे जाताना पाचाडच्या पुढे हिरकणीवाडी लागते. गडावर जाणाऱ्या रोपवेचे खालचे स्थानक इथेच आहे. गेल्या हिवाळ्यात अकरावीच्या मुलांना घेऊन आम्ही तिथे गेलो होतो. पाळण्याची वाट बघत रांगेत उभे असताना वाडीतल्याच एका विद्यार्थ्याने प्रश्न विचारला. त्याचा थोरला भाऊ पुण्याला अभियांत्रिकी शिकतो. भावाच्या महाविद्यालयातील मुले शर्यतीसाठी एक छोटी गाडी बांधत होती. इंजिन ठरलेले होते, सांगाडा झाला होता, पण गिअरबॉक्स कोणता घ्यायचा यावरून दोन तट पडले होते. एक तट म्हणे, चढ चढेल असा घेऊ. दुसरा म्हणे, वेगात पळेल असा घेऊ. पैसे एकाच गिअरबॉक्सपुरते होते.

“सर, गिअरबॉक्स दुकानात जाऊन तयारच घ्यायचा. मग त्यात एवढे भांडण कशाला?”

प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर शोधताना नववी-दहावीत शिकलेले बल, कार्य आणि शक्ती हे सगळे पुन्हा उपयोगी पडते. म्हणून तो सगळा हिशोब इथे मांडत आहोत.

पायऱ्या आणि पाळणा

सुरुवात समोर दिसणाऱ्या गोष्टींपासूनच करू. गडावर जाण्याच्या दोन वाटा आहेत. एक पायऱ्यांची, सुमारे १,४५० पायऱ्या. दुसरी रोपवेची, १९९६ साली सुरू झालेली. रोपवेची लांबी सुमारे ७५० मीटर आणि चढण सुमारे ४०० मीटर आहे. पायऱ्यांनीही ढोबळमानाने तेवढीच उंची चढावी लागते असे धरू.

६० किलो वस्तुमानाचा माणूस ४०० मीटर वर न्यायचा तर कार्य किती होईल? ६० × ९.८ × ४०० म्हणजे सुमारे २,३५,००० ज्यूल. पायऱ्यांनी जा नाहीतर पाळण्याने, गुरुत्वाकर्षणाविरुद्धचे कार्य तेवढेच. फरक पडतो तो वेळेत. पायऱ्यांनी दीड तास लागला तर दर सेकंदाला ४४ ज्यूल, म्हणजे ४४ वॅट. पाळण्याने पाच मिनिटांत गेलो तर सुमारे ७८० वॅट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे पाळण्यातल्या प्रत्येक माणसामागे साधारण एक अश्वशक्ती लागते!

आता पायरीकडे बघा. सरळ कड्यावरून दोरीने चढायचे तर हातांना पूर्ण वजन पेलावे लागेल. पायऱ्यांची वाट वळणे घेत, लांबून जाते. अंतर वाढते, पण दर पावलाला चढायची उंची कमी होते आणि आपल्या पायांना झेपते. अंतर जास्त, जोर कमी. गिअरचे सगळे रहस्य एवढ्यातच आहे. खालचा गिअर म्हणजे लांबची, सोपी वाट. त्यात इंजिनाला फेरे जास्त मारावे लागतात, पण दर फेऱ्याला जोर कमी लावावा लागतो.

इंजिनाची अडचण

मोटारीला गिअर का लागतात? पेट्रोल किंवा डिझेल इंजिनाचा स्वभाव अडचणीचा आहे म्हणून. शून्य फेऱ्यांना ते अजिबात जोर देत नाही, बंदच पडते. फार फेरे झाले तर सिलिंडरात हवा पुरेशी भरत नाही आणि जोर पुन्हा घटतो. मधल्या एका पट्ट्यातच ते मनापासून काम करते. गाडीला मात्र शून्यापासून वरच्या वेगापर्यंत सगळीकडे जावे लागते. इंजिनाला त्याच्या आवडत्या पट्ट्यात ठेवून चाकांना हवा तो वेग देणे, हे गिअरबॉक्सचे काम.

फिरवण्याच्या जोराला टॉर्क म्हणतात. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. १५ दातांच्या चाकाने ४५ दातांचे चाक फिरवले तर दुसऱ्याचे फेरे एक तृतीयांश होतात आणि टॉर्क तिप्पट होतो. ३ हे त्या जोडीचे गुणोत्तर. मात्र टॉर्क तिप्पट झाला तरी शक्ती वाढत नाही. उलट दात घासण्यात थोडी वायाच जाते. गिअरबॉक्स गाडीची ताकद वाढवतो हा समज म्हणूनच चुकीचा आहे. तो असलेल्या ताकदीचे रूप बदलतो, एवढेच.

तीनचाकीचा गिअरबॉक्स, शर्यतीची गाडी

आता त्या मुलांच्या गाडीकडे येऊ. त्यांची स्पर्धा ‘बाहा’ नावाची. मोटार अभियंत्यांची संस्था एसएई इंडिया ती २००७ पासून घेते आणि तिच्यासाठी देशभरातून विद्यार्थ्यांचे संघ मध्यप्रदेशातल्या पिथमपूरला जात आले आहेत. गाडी एकट्याने बसायची, खाचखळग्यांतून धावणारी. अनेक वर्षे सगळ्या संघांना ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीचे एकाच प्रकारचे इंजिन वापरावे लागे. ते सुमारे १० अश्वशक्तीचे आणि मिनिटाला ३,८०० फेऱ्यांच्या मर्यादेचे. इंजिन सर्वांचे सारखे असल्यावर फरक पडणार तो वजनाने, चालकाने आणि गिअरने.

यासाठी आपल्याकडच्या अनेक संघांनी एक साधी युक्ती केली. महिंद्राच्या ‘अल्फा’ या मालवाहू तीनचाकीचा गिअरबॉक्स घेऊन तो गाडीला बसवला. बाजारात भाजी आणि सिमेंटची पोती वाहणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स शर्यतीच्या गाडीत! कारणे मात्र पक्की होती. तो जवळपास तेवढ्याच ताकदीच्या इंजिनासाठी बनलेला आहे, मागच्या चाकांना टॉर्क वाटणारे डिफरन्शियल त्याच्यातच आहे, आणि सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. त्याची एकूण गुणोत्तरे अशी: पहिला ३१.४८, दुसरा १८.७०, तिसरा ११.४०, चौथा ७.३५.

हिशोबासाठी काही आकडे धरू. इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क १९ न्यूटन-मीटर, चालकासह गाडी २५० किलो, चाकाची त्रिज्या ०.२८ मीटर, आणि वाटेत १५ टक्के जोर वाया जातो. म्हणजे कामाला येणारा टॉर्क सुमारे १६ न्यूटन-मीटर. त्याला गुणोत्तराने गुणायचे आणि त्रिज्येने भागायचे, की चाक जमिनीला किती जोराने ढकलते ते कळते. चाकाचा परीघ १.७६ मीटर, त्यावरून ३,८०० फेऱ्यांना मिळणारा वेगही काढता येतो.

पहिला गिअर: ढकल सुमारे १,८०० न्यूटन, वेग ताशी १३ किलोमीटरपर्यंत.
दुसरा गिअर: ढकल सुमारे १,०८० न्यूटन, वेग ताशी २१ किलोमीटरपर्यंत.
तिसरा गिअर: ढकल सुमारे ६६० न्यूटन, वेग ताशी ३५ किलोमीटरपर्यंत.
चौथा गिअर: ढकल सुमारे ४२० न्यूटन, वेग ताशी ५५ किलोमीटरपर्यंत.

गाडीचे वजन २५० × ९.८ म्हणजे २,४५० न्यूटन. मातीवर चाके फिरवायलाच सुमारे १०० न्यूटन लागतात असे धरू. वाटेच्या दर ५ मीटरला १ मीटर चढ असेल तर वजनाचा पाचवा हिस्सा, ४९० न्यूटन, मागे ओढणार. एकूण गरज ५९० न्यूटनची. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी जेमतेम चढेल, दुसऱ्यात आरामात. दर २ मीटरला १ मीटर असा उभा चढ असेल तर गरज सुमारे १,३२५ न्यूटन. तिथे पहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

दुसऱ्या तटाला वेग हवा होता. समजा त्यांनी पहिला गिअर २० आणि शेवटचा ५ गुणोत्तराचा असा गिअरबॉक्स निवडला. शेवटच्या गिअरमध्ये ३,८०० फेऱ्यांना वेग येतो ताशी ८० किलोमीटर. कागदावर छान! पण त्या गिअरमध्ये ढकल उरते सुमारे २९० न्यूटन. ताशी ८० किलोमीटरला अशा उघड्या गाडीला हवेचाच अडथळा सुमारे ३०० न्यूटनचा होईल, शिवाय मातीचे १०० आहेतच. म्हणजे गाडी त्या वेगाला पोचणारच नाही. आणि पहिल्या गिअरची ढकल सुमारे १,१५० न्यूटन, म्हणजे तो उभा चढही गेला. एक गोष्ट मिळाली नाही आणि दुसरी हातची गेली!

दोन गिअरांमधले अंतरही बघायला हवे. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गुणोत्तर १.६८ पटींनी कमी होते. इंजिन ३,८०० फेऱ्यांवर असताना गिअर बदलला तर फेरे एकदम २,२६० वर येतात. तिथे इंजिनात दम असेल तर ठीक, नाहीतर गाडी चढावर गुदमरते. शर्यतीच्या गाड्यांत गिअर जवळजवळचे ठेवतात ते यासाठी. पण चारच गिअर जवळजवळ ठेवले तर खालचा चढ किंवा वरचा वेग, यांपैकी एक सोडावा लागतो. पाचवा-सहावा गिअर येतो तो या अडचणीतून.

गिअरबॉक्स एकटा निवडता येत नाही

अमेरिकेत जुन्या, जोरकस गाड्यांना नवा गिअरबॉक्स बसवणे हा मोठा छंद आणि मोठा धंदा आहे. तिथे ट्रेमेक या कंपनीचा ‘टीकेएक्स’ नावाचा पाच गिअरचा तयार गिअरबॉक्स मिळतो. त्याची टॉर्क पेलण्याची क्षमता सुमारे ८०० न्यूटन-मीटर आहे. तो गुणोत्तरांच्या निरनिराळ्या संचांत येतो. एकात पहिला गिअर २.८७, दुसऱ्यात ३.२७. चौथा दोन्हींत १, म्हणजे इंजिनाइतकेच फेरे. पाचवा ०.६८ चा दोन्हींत घेता येतो.

यातला कोणता चांगला? नुसत्या या आकड्यांवरून सांगताच येणार नाही. कारण गिअरबॉक्सच्या पुढे मागच्या आसात आणखी एक गुणोत्तर असते. २.८७ च्या जोडीला आस ३.५५ चा असेल तर गुणाकार १०.२. ३.२७ च्या जोडीला ३.०८ चा असेल तर १०.१. म्हणजे जागेवरून निघताना दोन्ही गाड्या सारख्याच! तिकडचे जाणकार रस्त्यावरच्या गाडीसाठी हा गुणाकार १० च्या आसपास ठेवतात. फरक दिसतो तो पाचव्या गिअरमध्ये. चाकाचा परीघ २ मीटर धरला तर ताशी १०० किलोमीटरला पहिल्या गाडीचे इंजिन सुमारे २,००० फेरे घेईल, दुसरीचे सुमारे १,७५०. महामार्गावर दुसरी शांत आणि कमी पेट्रोलात चालेल. पण तिच्यात पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमधली दरी मोठी राहील.

क्षमतेचा आकडाही जपून वाचावा लागतो. गिअरबॉक्सचे दात तुटतात ते बहुतेकदा संथ, सलग ओढीने नव्हे, तर झटक्याने. क्लच एकदम सोडला की फिरणाऱ्या जड चक्राची सगळी ऊर्जा क्षणात दातांवर येते. टायर गुळगुळीत असला तर तो घसरतो आणि दात वाचतात. टायर चिकट पकडीचा असेल तर घसरणार नाही, मग दातांनीच सोसायचे. म्हणून टायर बदलणाऱ्याने गिअरबॉक्सचाही विचार करावा.

आणखी दोन गोष्टी कानाने ओळखता येतात. गाडी मागे घेताना एक कण्हल्यासारखा आवाज येतो ना? बहुतेक गाड्यांत उलट्या गिअरचे दात सरळ कापलेले असतात, पुढच्या गिअरांचे तिरके. तिरक्या दातांची पकड हळूहळू बसते, म्हणून आवाज कमी. पण ते आसाला बाजूला रेटतात आणि थोडी ऊर्जा खातात. शर्यतीसाठीच्या कित्येक गिअरबॉक्सांत म्हणून सगळेच दात सरळ असतात. दुसरी गोष्ट सिंक्रोमेशची. गिअर पडण्याआधी दोन चाकांचे फेरे जुळवणारी ही घर्षणाची कडी असते. जुन्या ट्रक-बसमध्ये ती नसे. चालक दोनदा क्लच दाबून फेरे स्वतः जुळवत, चुकले की ‘खर्रर्र’ आवाज सगळ्या प्रवाशांना ऐकू येई. शर्यतीच्या काही गिअरबॉक्सांत कडी मुद्दाम काढून खणखणीत खुंट्या बसवतात. गिअर झटकन पडतो, पण रोजच्या रहदारीत चालक आणि प्रवासी दोघेही वैतागतात.

शेवटी जागेचा प्रश्न. इंजिनाच्या पाठीवरचे बोल्ट, आत येणाऱ्या दांड्याच्या खाचा, गिअरबॉक्सची लांबी, गिअरच्या दांडीची जागा, क्लच दाबायची रीत, तेलाचा प्रकार हे सगळे जुळले पाहिजे. स्वस्तात मिळालेला गिअरबॉक्स जुळवून घेण्यातच त्याच्या किमतीहून अधिक पैसे जातात, हे गॅरेजवाल्यांना चांगले ठाऊक असते.

“गुरुजी, उताराचं काय?”

हा सगळा हिशोब आम्ही त्या मुलाच्या घरी, ओटीवर बसून, वहीच्या पाठीमागे केला. मुलाचे वडील महाड आणि पोलादपूरच्या घाटांत वर्षानुवर्षे प्रवासी जीप चालवत आले आहेत. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “गुरुजी, चढायचं समजलं. पण उताराचं काय? चढावर गिअर चुकला तर गाडी थांबते. उतारावर चुकला तर थांबत नाही.”

आम्ही चमकलोच. दोन्ही तट चढ आणि वेग यांवर भांडत होते. उतार कोणाच्याच वहीत नव्हता.

हिशोब करून बघू. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना सुमारे १,२५० मीटर खाली यावे लागते. माणसांसह दीड हजार किलोची जीप धरली तर १,५०० × ९.८ × १,२५० म्हणजे सुमारे १ कोटी ८४ लाख ज्यूल इतकी स्थितिज ऊर्जा वाटेत कुठेतरी टाकावी लागणार. २० अंश सेल्सिअसचे एक लिटर पाणी उकळीला आणायला सुमारे ३ लाख ३६ हजार ज्यूल लागतात. म्हणजे या ऊर्जेत सुमारे ५५ लिटर पाणी उकळीला येईल! ही सगळी उष्णता ब्रेकच्या ४० किलो लोखंडात शिरली आणि बाहेर पडलीच नाही, तर त्याचे तापमान सुमारे १,००० अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात वारा ब्रेक थंड करतो, म्हणून इतके होत नाही. पण पाय सतत ब्रेकवर ठेवला तर अस्तर तापून त्याची पकड घटते, ब्रेकच्या तेलाला उकळी फुटू शकते, आणि नेमक्या वळणावर पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो.

यावरचा उपाय गिअरबॉक्समध्येच आहे. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाके इंजिनाला फिरवू लागतात. हवा ओढण्यात आणि घर्षणात इंजिन ती ऊर्जा खाते आणि रेडिएटरवाटे व धुराबरोबर उष्णता बाहेर टाकते. त्या छोट्या गाडीचे इंजिन असा ५ न्यूटन-मीटर विरोध करते असे धरू. पहिल्या गिअरमध्ये चाकावर सुमारे ५६० न्यूटनची अटकाव मिळते, दुसऱ्यात ३३०, तिसऱ्यात २००, चौथ्यात फक्त १३०. दर ५ मीटरला १ मीटर उतरणाऱ्या मातीच्या वाटेवर गाडीला खाली ओढणारे बल ४९०. त्यातून मातीचे १०० वजा केले तर ३९० न्यूटन आवरायचे उरतात. पहिला गिअर एकटा हे करू शकतो. दुसऱ्याला ब्रेकची थोडी मदत लागते. चौथ्यात जवळजवळ सगळा भार ब्रेकवर. न्यूट्रलमध्ये तर सगळाच.

‘ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा’ असे जुने चालक सांगतात. आमचा आकडा म्हणतो, उभ्या उतारावर त्याच्याही एक खालचा. आणि आता वेगवाल्या तटाचा गिअरबॉक्स आठवा. त्याचा पहिला गिअर २० चा, म्हणजे अटकाव सुमारे ३६० न्यूटनची. त्याच्याकडे याहून खालचा गिअरच नाही. ब्रेकला सुट्टी देणारा गिअर तो गाडीतून काढूनच टाकणार होता!

रोपवेने हेच काम आणखी सुंदर रीतीने केले आहे. तिथे एका बाजूचे पाळणे उतरतात तेव्हा दुसऱ्या बाजूचे चढतात. उतरणाऱ्यांची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाण्याऐवजी चढणाऱ्यांच्या कामी येते, आणि मोटारीला फक्त दोन्ही बाजूंतला फरक उचलावा लागतो. विजेच्या गाड्यांत उतारावर मोटार जनित्र बनून बॅटरी भरते, तोही याच विचाराचा दुसरा प्रकार.

वाडीला जिचे नाव आहे त्या हिरकणीची कथा सर्वांना माहीत आहे. दूध घालायला ती गडावर रोजच चढत असे. लोकांनी लक्षात ठेवली ती तिची एका रात्रीची उतरण.

मुलाने हा हिशोब भावाला कळवला. संघाने तीनचाकीचाच गिअरबॉक्स घेतला. भावाच्या मनात वडिलांच्या जीपलाही एका वेगवान मोटारीचा गिअरबॉक्स बसवायचे होते, तो बेत मात्र वडिलांनी तिथेच मोडला. ते योग्यच झाले. स्पर्धेची गाडी मैदानात धावते. रस्त्यावरच्या गाडीत दहा माणसांचा जीव असतो. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले आहे. काहीही बदलण्याआधी परिवहन कार्यालयात विचारणे बरे.

वर्गात करून बघण्यासाठी

गिअरची सायकल असेल तर उत्तम. पुढच्या आणि मागच्या चक्रांचे दात मोजा आणि प्रत्येक जोडीचे गुणोत्तर काढा. मागच्या टायरवर खडूची खूण करा. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे गेली ते जमिनीवर मोजा. गुणोत्तरावरून काढलेले अंतर जुळते का? आता पायडलला स्प्रिंगकाटा अडकवून, सायकल हलवायला किती जोर लागतो तो प्रत्येक गिअरमध्ये मोजा. जोर आणि अंतर यांचा गुणाकार करून बघा.

मग मुलांना गावाजवळच्या एखाद्या घाटाची उंची नकाशावरून काढायला सांगा आणि एसटीची गाडी तो उतरताना किती लिटर पाणी उकळेल याचा हिशोब करू द्या. उत्तर आले की एखाद्या अनुभवी चालकाला वर्गात बोलवा. मुलांच्या वहीत नसलेला एखादा प्रश्न त्यांच्याकडे नक्की असेल.